लेबलावरची कामिनी

रविवार, रात्री

ठाण्यात नौपाड्यातल्या एका काकांकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत, असे बरेच दिवस ऐकून होते. आज त्यांतली 'महल'ची तबकडी प्रत्यक्ष हातात घेता आली. लाखेची, हाताला जड लागणारी, कडेचा एक टवका उडालेली ती तबकडी, आणि 'आयेगा आनेवाला'ची गायिका म्हणून लेबलावर नाव छापलेले आहे कामिनीचे. कामिनी हे चित्रपटात मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे नाव. ज्या लता मंगेशकरांनी ते गाणे गायले, त्यांचा तिथे उल्लेखही नाही. हे पूर्वी वाचलेले होते, तरीही ती अक्षरे डोळ्यांनी पाहिल्यावर मन खट्टू झाले.

'महल' १९४९चा, बॉम्बे टॉकीजचा. दिग्दर्शक कमाल अमरोही, गीतकार नक्शब आणि संगीतकार खेमचंद प्रकाश. आवाज लांबून हळूहळू जवळ येत असल्याचा भास त्यांना हवा होता, आणि तो साधणारी आजच्यासारखी यंत्रे हाताशी नव्हती. म्हणून माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला गेला आणि विशीच्या उंबरठ्यावरच्या लताबाई कोपऱ्यातून सुरुवातीच्या ओळी गात, एकेक पाऊल टाकत, मुखडा येईल त्या क्षणी माइकपाशी पोहोचल्या. ही आठवण त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितली आहे. त्या ओळींना ठेका नाही, म्हणजे चालीला धरून पावले टाकण्याचीही सोय नाही. सूर ढळू द्यायचा नाही, श्वास पुरवायचा, पावलांची चाहूल लागू द्यायची नाही आणि अंतर नेमके वेळेत संपवायचे, हे सगळे एकाच वेळी सांभाळणे किती अवघड असेल, याचा विचार आज गाणे ऐकताना सतत मनात होता.

गाणे गाजले, तेव्हा ही गायिका कोण, असे विचारणारी पत्रे आकाशवाणीकडे येऊ लागली. शेवटी रेकॉर्ड कंपनीकडून नाव मागवून ते श्रोत्यांना सांगावे लागले. खेमचंद प्रकाश मात्र अकालीच गेले. पार्श्वगायनाला पुरस्कारच नसेल तर समारंभात गाणार नाही, अशी ठाम भूमिका लताबाईंनी पुढे फिल्मफेअरच्या बाबतीत घेतली, आणि तो पुरस्कार सुरू झाल्यावर पहिला मान १९५८च्या 'मधुमती'मधल्या 'आजा रे परदेसी'साठी त्यांनाच मिळाला. त्या आग्रहामागे कामिनीचे हे लेबलही असेल, असे मला मनापासून वाटते.

वादकांच्या वाट्याला मात्र तेवढेही आले नाही. आज मोबाइलवर हेच गाणे लावले, तर गायिकेचे आणि संगीतकाराचे नाव दिसते. साथ कोणी केली, ते दिसत नाही. त्या काळी स्टुडिओत वाजवणाऱ्यांपैकी कुणाचे कुटुंबीय ठाण्यात किंवा आसपास राहत असतील, तर त्यांची गाठ घालून द्यावी, अशी विनंती मी काकांना केली आहे. ते त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या सतारवादकांकडे चौकशी करणार आहेत.