मायकेलअँजेलोची पाठ आणि मायफळाची शाई

पाठमोरा बसलेला, कमरेतून पिळवटून वळलेला एक नग्न सैनिक. मायकेलअँजेलोचं हे रेखाटन मी छापील चित्रावरून कितीदा उतरवलं असेल! 1504 मध्ये फ्लॉरेन्सच्या सभागृहासाठी त्याला ‘काशिनाची लढाई’ हे भित्तिचित्र सांगितलं होतं, त्याची ही तयारी. भित्तिचित्र काही झालं नाही. त्याच्या आडव्यातिडव्या रेषांतून पाठीचे स्नायू वर येतात. माझ्या जेल पेनाने नुसती जाळी व्हायची.

शेवटी ठरवलं, शाई आणि लेखणीही तशीच करायची. त्या काळातली शाई ओकच्या झाडावरच्या गाठींची. म्हणजे बाळगुटीत उगाळतात ते मायफळ! काष्ठौषधींच्या दुकानात मायफळ, हिराकस (लोखंडाचा क्षार), डिंक तिन्ही मिळाले. मायफळ कुटून चार दिवस भिजवलं, गाळलं, त्यात हिराकस आणि डिंक घातला. पहिली रेघ इतकी फिकी उमटली की वाटलं, बिघडलं सगळं. पण हवा लागली तशी ती काळी होत गेली. जुन्या रेखाटनांचा जो तपकिरी रंग मला इतका आवडतो, तो काळ्या शाईवर शतकांनी चढलेला आहे. हिराकसाचं प्रमाण चुकलं, तर हीच शाई कागद खाते.

बोरूची रेघ जाड आली. मग हंसाचं पीस गरम वाळूत कडक करून त्याचा टाक तासला, आणि हाताला खरी गोष्ट कळली. टाक आपल्याकडे ओढला की टोकाची चीर उघडते, रेघ फुगते; पुढे ढकलला की अडकतो, शाई उडते. बुडवल्यावर पहिल्या रेघा गडद, मग हळूहळू कोरड्या. आता त्या पाठीकडे बघताना हात कुठून कुठे गेला आणि पुन्हा दौतीकडे कधी वळला असेल, याचा माग काढता येऊ लागला.

लंडनला बहिणीकडे गेले, तेव्हा हे मूळ रेखाटन बघायला ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासिकेत आधी वेळ मागून घेतली. तिथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मूळ कागद जेमतेम 42 सेंटिमीटर उंच. पाठीवर रेघांची दाटी, डोकं मात्र दोन-चार फटक्यांत उरकलेलं. पांढऱ्या रंगाचे उजेडही छापात असे कधी दिसले नव्हते. मी मान तिरकी केली. उजेड आडवा पडला आणि शाईच्या आधी बोथट टोकाने दाबून काढलेल्या, बिनरंगाच्या खोबणी दिसल्या.