पणजीची निशाणी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या पणजीचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: शेतात राबलेली, अक्षरओळख नसलेली बाई, तिचे कसले कागद? ती तुम्हाला सापडली कशी?

थेट तिला शोधायला गेले असते तर सापडली नसती. जुन्या दप्तरात बाईच्या नावाचं पान नसतं. आधी तिच्या घरातले पुरुष शोधावे लागतात.

मी आजोबांपासून सुरुवात केली. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचं जन्मसाल मिळालं, 1915. मग कोर्ट फी तिकीट लावून तहसील कचेरीत अर्ज दिला, गाव नमुना 14 साठी. ही जन्ममृत्यूची वही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. सगळी मोडी लिपीत. मोडी शिकण्यात सहा महिने गेले, तरी शेवटी एका निवृत्त गुरुजींना शेजारी बसवूनच वाचलं. आजोबांची नोंद एका ओळीची: बापाचं नाव, जात, 'मुलगा'. बारशाआधीची नोंद, म्हणून बाळाला नाव नाही. आईचा उल्लेखच नाही.

पुढची पानं उलटताना 1918 चा ऑक्टोबर आला. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू होणारं आमचं गाव, आणि त्या महिन्यात पानामागून पान भरलेलं. कारणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द, ताप. लोक त्याला मानमोडी म्हणायचे. पहिलं महायुद्ध संपता संपता आलेली ती इन्फ्लुएन्झाची साथ. हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली. त्या वर्षी पावसानंही दगा दिला होता. त्याच पानावर माझे पणजोबा होते, वय 30.

इथून पुढे ती दिसू लागते.

जमिनीचा खातेदार वारला की दप्तरात वारसाच्या नोंदीचा फेरफार होतो. 1919 च्या फेरफारात वारस म्हणून आजोबांचं नाव आहे. पुढे 'अज्ञान', आणि त्यापुढे 'अ.पा.क. आई' असं लिहून तिचं नाव. म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती. मुलगा चार वर्षांचा होता म्हणून ती या कागदावर आली. सज्ञान असता तर इथेही आली नसती. घरात ती नुसती 'मोठी आई' होती. माझ्या वडिलांनी आपल्या आजीचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

तिसरा कागद घरातच होता, ट्रंकेच्या तळाशी. 1920 चं गहाणखत. विहिरीकडचं शेत तिने सावकाराकडे गहाण टाकलं होतं. लिहिता न येणारी माणसं तेव्हा सहीऐवजी निशाणी करायची. शेतकऱ्याचा नांगर, बाईची बांगडी. तिच्या नावाशेजारी लेखनिकाने लिहिलंय 'निशाणी बांगडी', आणि खाली एक वाकडंतिकडं वर्तुळ. गुरुजी तेवढं वाचून थांबले. मलाही बोलता येईना. दीड वर्षापूर्वी, पणजोबा गेले तेव्हा, तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या असणार.

त्याच कागदाच्या पाठीवर, वेगळ्या शाईत, 1926 ची ओळ आहे. मुद्दल आणि व्याज भरून पावलो. सहा वर्षं. एकटी बाई, पदरात लहान पोर, आणि तिने शेत सोडवून आणलं. कुणाच्या बांधावर किती दिवस राबून, ते कुठल्याच दप्तरात नाही. ते शेत आजही आमच्या सातबाऱ्यावर आहे.

आता तिचं माहेर शोधते आहे. लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे फेरफारातलं नाव तिथे चालणार नाही. पुढच्या महिन्यात नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यांकडे जाणार आहे. आजोबा तिच्या अस्थी घेऊन गोदावरीवर गेले होते, एवढं घरात सांगतात. उपाध्ये येणाऱ्या घराण्यांची माहिती वहीत लिहून ठेवतात. त्या वहीत त्यांनी तेव्हा आजोळचं गाव सांगितलं असेल, तर त्या गावची कोतवाल बुकं मागवीन. तिथे ती बापाच्या नावापुढे नुसती 'मुलगी' असेल.