कॅसेटच्या बाहेरची बासरी

एखाद्या कलावंताचा निस्सीम चाहता हा त्याच्या मैफलीतला फारसा चांगला श्रोता नसतो, असे माझे जुने मत आहे. नवखा माणूस मोकळ्या कानांनी येऊन बसतो. चाहता मात्र घरूनच सगळी मैफल ऐकून निघालेला असतो. समोर कलावंत वाजवत असताना चाहत्याच्या डोक्यात जुने ध्वनिमुद्रण चालू असते, आणि पुढची जागा आता येणार, आता येणार, म्हणून तो मान डोलवण्याच्या तयारीतच बसलेला असतो. ती जागा आली नाही तर त्याला उगाचच फसवल्यासारखे वाटते.

पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्या बासरीचा मी असा चाहता आहे. परभणीकडच्या आमच्या गावात बासरी पहिल्यांदा आली ती रेडिओवरून. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीची राष्ट्रीय संगीत सभा लागत असे. ही सभा १९५२ पासून चालत आलेली. ती ऐकायची तर रेडिओत सेल घालून ठेवणे भाग होते, कारण आमच्याकडची वीज शास्त्रीय संगीताला फारशी अनुकूल नव्हती. पुढे परभणीच्या एका दुकानातून मी हंसध्वनीची कॅसेट आणली आणि ती इतकी वाजवली, की कुठल्या तानेनंतर तबलजी 'क्या बात है' असे पुटपुटतो, हेही मला पाठ झाले. एका बाजूला अर्धा तास. अर्ध्या तासाने 'खट्' असा आवाज करून बटण वर यायचे, मग कॅसेट उलटायची. हंसध्वनी म्हणजे मध्ये एक 'खट्' असलेला राग, अशीच माझी बरीच वर्षे समजूत होती म्हणा ना.

चाहत्याला वादनाइतकेच चरित्रही पाठ असते. अलाहाबादेत १९३८ साली जन्म, वडील पहिलवान, मुलानेही आखाड्यातच उतरावे ही त्यांची इच्छा, आणि मुलाचे चोरून बासरी शिकणे. १९५७ साली कटकच्या आकाशवाणीवर नोकरी, मग मुंबई, मग चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतले स्थिरस्थावर आयुष्य. एवढे सगळे हातात असताना सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे पुन्हा पहिल्यापासून शिकायला जाणे आणि त्या नव्या सुरुवातीची खूण म्हणून उजवीकडे धरायची बासरी डावीकडे धरू लागणे. ही शेवटची गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितली आहे. ऐकणारा 'बरं' म्हणतो. वर्षानुवर्षे बोटांना लागलेले वळण एका दिवशी मोडून टाकणे म्हणजे काय, हे ज्याने कधी वाद्य हातात धरले नाही त्याला कसे समजावे, हा प्रश्नच आहे.

तेव्हाच्या औरंगाबादेत त्यांची मैफल आहे असे वर्तमानपत्रात वाचले, त्या दिवशी योगायोगाने दाजी घरी आले होते. दाजी म्हणजे आमच्या थोरल्या ताईचे यजमान. शेती करतात, आणि पंचक्रोशीतल्या हरिनाम सप्ताहांत मृदंग, म्हणजे पखवाजच, वाजवतात. 'बासरी ऐकायला एवढ्या लांब जायचं?' असे त्यांनी विचारले खरे, पण बासरीला पखवाजाची साथ आहे हे कळताच ते धोतर बदलायला आत गेले. सकाळच्या गाडीने सेलू, परतूर, जालना मागे टाकत आम्ही औरंगाबादेला पोचलो आणि उरलेला दिवस कसाबसा घालवून संध्याकाळी मैदानावर जाऊन बसलो.

डिसेंबरातली उघड्यावरची मैफल होती. पुढे सोफे, मग खुर्च्या, मग आमचे जाजम. प्रास्ताविक झाले, दीपप्रज्वलन झाले, शाल आणि श्रीफळ झाले. ज्यांचा सत्कार राहिला होता त्यांचाही झाला. या सगळ्यात मला राग आला नाही, कारण त्या वेळात दव पडू लागले होते आणि त्यामुळे पुढचा अर्धा तास मला फुकटात मिळाला.

दव पडले की चामडे सैल पडते आणि तबला उतरतो. थंडीत बासरीही उतरते, कारण नळीतली हवा गार असते; फुंकर घालून ती तापली की स्वर वर चढतो. विजेवरच्या स्वरपेटीतला तानपुरा मात्र थंडी जाणत नाही, तो आपल्या जागी ढिम्म. म्हणजे एक वाद्य खाली चाललेले, दुसरे वर येणारे आणि तिसरे स्थिर, अशा तिघांना एका षड्जावर आणायचे होते. पंडितजींनी पेटीतून लांब बासरी काढली. ती पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या स्वराची, हे मला सांगायला कोणी लागले नाही. तिच्यात ते नुसती हवा भरत राहिले, स्वर न काढता. मग एक स्वर, पुन्हा फुंकर, पुन्हा तोच स्वर. तबलजी हातोडीने गट्टे ठोकत होते. कॅसेट काढणारी मंडळी नेमका हा भाग कापून टाकतात. मला तर एखाद्या कॅसेटची पूर्ण एक बाजू वाद्ये जुळवण्याचीच हवी आहे. दुकानात ती मिळणार नाही, हे ठाऊक आहे.

दाजींचे लक्ष बासरीकडे नव्हतेच. पखवाजियाने कणकेचा गोळा काढून डाव्या पुडीवर थापला, हात मारून पाहिला, तेव्हा दाजी माझ्या कानाशी म्हणाले, ''कणीक जास्ती झाली त्याची. काढतो का न्हाई बघ आता.'' पखवाजियाने पुन्हा थाप मारली, क्षणभर ऐकले आणि चिमूटभर कणीक काढून घेतली. दाजींनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू त्यांनीच ती मंचावर जाऊन काढली होती. त्यानंतर रात्रभर त्यांना त्या मैफलीत परके वाटले नाही.

मी अर्थातच हंसध्वनीची वाट पाहत होतो. सुरू झाला जोग. जोगमध्ये दोन गंधार असतात, वर जाताना शुद्ध आणि खाली येताना कोमल. रागाची सगळी गंमत या दोन जवळच्या स्वरांमधल्या ये-जा करण्यात आहे. हार्मोनियमवर त्यांना दोन वेगळ्या पट्ट्या असतात. बासरीवर मात्र बोट छिद्रावरून तसूतसूने सरकत असते आणि शुद्ध गंधार कुठे संपला, कोमल कुठे लागला, हे ठरवणारी रेघच सापडत नाही. मी जाजमाच्या अगदी पुढच्या कडेला होतो, म्हणून ते बोट मला दिसत होते. ते उचलले जात नव्हते, नुसते कलत होते. एवढ्या मोठ्या देहाच्या माणसाच्या बोटाला एवढे बारीक काम करता यावे, याचे मला राहून राहून नवल वाटत होते. बासरीला लांब करून तिच्यातून अशी गायकी काढण्याचे श्रेय पन्नालाल घोष यांचे, आणि ते १९६० सालीच गेले. त्या मोठ्या बासरीत पुढे काय काय मावू शकते, हे आमच्या पिढीने हरिप्रसादांकडून ऐकले.

आलाप चालू राहिला. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, ते इतके रेंगाळले की मागच्या खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली. आणि मग एक विचित्र प्रकार घडला. आलापाला अर्धा तास होत आला असावा, तेव्हा माझे अंग आपोआप सावध झाले. घड्याळ मी पाहिले नव्हते. इतक्या वर्षांच्या सवयीने शरीर 'खट्'ची वाट पाहत होते. तो आवाज आला नाही. स्वर मध्यसप्तकात चढला, पुढे गेला, आणि माझ्याकडे त्याच्याशी ताडून पाहायला काही उरलेच नाही. चाहता म्हणून बसलेला मी तिथून पुढे साधा श्रोता झालो.

आलापानंतरचा लयीतला भाग, म्हणजे जोड, सुरू होताच पखवाज आला, आणि आता दाजींची पाळी होती. तालाचा ठेका नाही, सम नाही. बासरी लयीत एकेक पाऊल टाकते आणि पखवाज तिच्या पावलाबरोबर बोल ठेवतो, कधी घुमारा देतो, कधी नुसताच थांबतो. ''ह्याला ताल कोन्ता?'' दाजींनी विचारले. ताल नाही म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मांडीवर मात्र त्यांची बोटे चालू होती. आमच्याकडच्या कीर्तनात मृदंग कसा वाजतो हे ज्याने ऐकले आहे, त्याला यातले आश्चर्य कळेल: तिथे तीस-चाळीस टाळकरी उभे असतात, त्या सगळ्यांना एका लयीत धरून ठेवायचे असते आणि हळू वाजवून ते साधत नाही.

पुढे तबल्यासोबत तालातली गत झाली, शेवटचा 'झाला' हा द्रुत भाग झाला, टाळ्या झाल्या. त्याचे वर्णन करण्यात मला फारसा रस नाही. द्रुतातल्या ताना ध्वनिमुद्रणातही तेवढ्याच चोख ऐकू येतात. हंसध्वनीच्या फर्माइशीच्या चिठ्ठ्या माझ्याखेरीज आणखी कोणीतरी पाठवल्या होत्या. पंडितजींनी छोटी बासरी उचलून पहाडी धून वाजवली. हंसध्वनी राहिला, याचे वाईट वाटायला हवे होते. तसे वाटले नाही.

मैफल संपल्यावर मंचाच्या मागे पाया पडणाऱ्यांची रांग लागली. मीही कॅसेटचे कव्हर खिशात घालून त्या रांगेत होतो. अशा वेळी बोलायचे वाक्य चाहत्याने मनात कैकदा घोटलेले असते आणि आयत्या वेळी तो 'नमस्कार' एवढेच म्हणतो. मीही तेवढेच म्हणालो. कव्हरवर सही मिळाली. दाजी रांगेत नव्हते. ते मंचाच्या पायऱ्यांपाशी पखवाजियाला गाठून गव्हाची कणीक कशी मळता, पाणी किती घालता, असे विचारत होते, आणि तो भला माणूस गवसणी बांधता बांधता त्यांना नीट उत्तरे देत होता. सबंध मैदानात त्या रात्री झालेले कामाचे संभाषण बहुधा तेवढेच असेल.

परतीची देवगिरी पहाटेची होती. फलाटावर चहा घेताना मी दाजींना जोगचे दोन गंधार समजावून सांगू लागलो. त्यांनी थोडे ऐकून घेतले आणि म्हणाले, ''ते तुझं तुझ्यापाशी राहू दे. त्यो थांबला कवा कवा, ते सांग.''

चैत्रात गावच्या सप्ताहात दाजींनी त्याचा प्रयोग केला. बुवांनी संथ लयीत अभंगाचे पहिले चरण धरले आणि दाजी नेहमीचा ठेका सोडून, शब्दांमागे हलके बोल ठेवत, मधेच थांबत वाजवू लागले. मागच्या रांगेतले टाळकरी गोंधळले, पुढचे एकमेकांकडे पाहू लागले. बुवांनी चरण अर्ध्यावर सोडला, वीणेकऱ्याकडे पाहिले आणि ध्वनिक्षेपकातून विचारले, ''मृदंगाचार्य, आज उपास हाय का?'' सगळा मांडव हसला. दाजीही हसले आणि त्यांनी दणदणीत ठेका धरला. मात्र रात्री जागराला फक्त आठ-दहा माणसे उरली, तेव्हा त्यांनी पुन्हा तसेच वाजवले, आणि या वेळी बुवांनी त्यांना अडवले नाही.