भटजींची घाई

नागपुरात मे महिन्यात कुणी "मोटर गेली" म्हटलं की घरातले सगळे आधी कूलरकडे बघतात. आमच्याकडे यंदा टेपरेकॉर्डरची गेली. गेली म्हणजे मेली नव्हती, आळसावली होती. साठची कॅसेट एका बाजूला 30 मिनिटांत संपावी, ती 32 मिनिटं रेंगाळायची. गाणाऱ्यांचा सा पार नीवर उतरला होता. घरात कुणालाच ते खटकत नव्हतं, मलाही नाही. पाहुण्या भाच्याने सांगितलं तेव्हा कळलं.

महालातल्या एका गल्लीत अजून असली कामं करणारे एक काका आहेत. टेपसोबत सीडी प्लेयरही नेला. त्याची सीडी वाचणारी लेन्स मी दुसरीकडे चांगले पैसे मोजून बदलून घेतली होती, तरी रडगाणं तेच. मुळात सीडी उचलतानाच कुरकुर. उचललीच, तर पहिलं गाणं अडखळत आणि शेवटचं ठणठणीत.

"सारे लेन्सलेच काऊन धरतात, काय माहीत," काका म्हणाले.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. आतल्या बाजूला तिला मिनिटाला सुमारे 500 फेरे मारावे लागतात, बाहेर पोचेस्तोवर 200 पुरतात. म्हणजे थकलेल्या मोटरची दमछाक सुरुवातीलाच. आपलं बरोबर उलटं.

त्यांनी सीडीच्या मोटरला विजेचा रोध मोजायचं मीटर लावलं आणि दांडी बोटाने हळूहळू फिरवली. 10 ओहम, 11, 10... आणि मध्येच एकदम 70. "हे पाहा, इथं झोपते." आत तांब्याच्या तीन तुकड्यांचं कडं असतं, त्यावर ब्रश घासतात आणि झिजेचा काळा चुरा फटींत बसतो. क्लीनरचे थेंब सोडून, 9 व्होल्टवर उलटसुलट पळवून त्यांनी ती जागी केली. पण स्वतःच म्हणाले, "हे उसनं आहे भाऊ." मग नवी मोटर. सीडी जिच्यावर बसते ती चकती जुन्या दांडीवरून काढण्याआधी तिची उंची मात्र व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मोजून घेतली. ती चुकली की चांगली लेन्सही आंधळी.

टेपला आधी नवा पट्टा घातला. चाल तीच. मग मोटरच्या पाठीवरचं टाचणीएवढं भोक दाखवलं. आत एक इवलासा स्क्रू, तो फिरवला की वेग बदलतो. दांडी ज्यात फिरते त्या बुशाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. मी दोन म्हणालो, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांगायला बाहेर पडलो.

घरी येऊन आत्याच्या लग्नाची कॅसेट लावली. याच टेपवर 1986 मध्ये भरलेली. त्यातले भटजी इतकी वर्षं आम्हाला धीरगंभीर, खर्जातले वाटत आले होते. आता आवाज बारीक, मंगलाष्टकं धावतायत, 'सावधान' म्हणेस्तोवर पुढचं कडवं हजर. मला वाटलं, काकांनी स्क्रू जास्तच पिळला. घड्याळ लावलं. बरोबर 30 मिनिटं.

आत्या आतून पदराला हात पुसत आली. "अरे, असेच म्हणत होते ते! त्यांना इतवारीत दुसरं लग्न लावायचं होतं ना."