चार माग, बावीस माग, चौदा माग : आमची वाटचाल

घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, शेजारी कन्नड आणि सूतवाल्याशी हिंदी. सोलापुरातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरात याचं कुणाला नवल वाटत नाही. आमचे ताता, म्हणजे आजोबा, तेलंगणातून इथं आले ते मिलच्या भोंग्याच्या भरवशावर. १८७७ साली इथं पहिली मोठी गिरणी सुरू झाली, तिला सगळे ‘जुनी मिल’ म्हणतात. पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि हातमाग मोडून पडलेली माणसं पोटासाठी या शहराची वाट धरत राहिली. ताता मिलमध्ये कामाला, अव्वा, म्हणजे आजी, घरी उंबऱ्यात बसून विड्या वळायची. दोघांच्या कष्टातून साखर पेठेत दोन खोल्या झाल्या.

वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. तेही मिलमध्येच जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. पण मिलचं काही खरं नाही हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. १९८२ साली नातेवाइकांकडून उसने पैसे घेऊन त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये चार जुने यंत्रमाग टाकले. दिवसा मिल, रात्री स्वतःचे माग. अम्मा सुताच्या कांड्या भरायची. मी आणि माझा थोरला भाऊ शाळेतून आलो की टॉवेलांच्या घड्या घालायचो. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूला कुलूप लागलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत चूल कशी पेटणार हा प्रश्न होता. आमच्याकडे चाराचे आठ माग झाले होते, म्हणून आम्ही तरलो. मिल बंद पडलेल्यांपैकी पाच जण नायनांकडे कामाला आले. त्यातले दोघे शेवटपर्यंत आमच्याकडेच होते.

टेरी टॉवेल बाहेरच्यांना साधी गोष्ट वाटते. त्याच्या मागावर दोन बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेले रूळ, असतात, एक ताणलेला आणि एक सैल. आडवं सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याच्या तीन फेऱ्या झाल्या की फणी पुढे येऊन ठोकते, आणि सैल बीमचं सूत वर उभं राहून त्याचे फासे होतात. पाणी टिपतात ते हे फासे. ताण जरा चुकला तर टॉवेल एकीकडे केसाळ, दुसरीकडे टक्कल पडल्यासारखा. नायना डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तिसऱ्या मागाचा बीम सैल झालाय, बघ." मी १९९८ साली धंद्यात आलो. तो कान मला मिळवायला दहा वर्षं लागली.

२००८ पर्यंत आमचे बावीस माग झाले. दोन पाळ्या चालायच्या. हॉटेलं, इस्पितळं, चाटी गल्लीतले कापड व्यापारी आणि निर्यातदारांचं मजुरीवरचं काम. माल वजनावर जायचा, पैसे उशिरा का होईना यायचे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा नायनांनी कारखान्यात पेढे वाटले होते. पुढे पॉलिएस्टरच्या स्वस्त मऊ ब्लँकेटांनी चादरीचा बाजार खाल्ला, आणि बाहेर कुठेतरी विणलेल्या मालावर ‘सोलापुरी’ अशी चिठ्ठी लागून तो रस्त्यावर विकला जाऊ लागला. नोटाबंदी, जीएसटी, टाळेबंदी, सुताचे चढे भाव हे सगळं आमच्याही वाट्याला आलं. त्यावर बोलणारे खूप आहेत. मला ज्यावर बोलायचंय ते वेगळं आहे : चोऱ्या, सावकारी आणि रात्रीचे अंधारे रस्ते.

२०१९ च्या एप्रिलमधली सकाळ. साडेसहाला कामगाराचा फोन आला, "मालक, लवकर या की. मोटारीच नाहीत." शेडचा मागचा पत्रा उचकटलेला. बावीसपैकी सहा मागांच्या मोटारी काढून नेलेल्या, केबल कापलेली. मूठभर तांब्यासाठी. भंगारात त्याचे जे काही आले असतील, त्याच्या कितीतरी पट आमचं गेलं. कारण माग अर्ध्या टॉवेलवर थांबला होता. एप्रिलमधल्या सोलापूरच्या उन्हात कांजी दिलेलं सूत बीमवर वाळतं, कडक होतं, आणि माग पुन्हा सुरू केला की तटातट तुटतं. अकरा दिवस ते सहा माग उभे राहिले. इस्पितळाच्या टॉवेलांची ऑर्डर वेळेत गेली नाही आणि ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

पोलीस ठाण्यात मोटारींची खरेदीची बिलं मागितली. त्यातल्या तीन मोटारी नायनांनी पंचवीस वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून घेतलेल्या. "अर्ज देऊन जा, बघू." चौथ्या फेरीला गुन्हा नोंदला गेला. तेव्हा मला माहीत नव्हतं, आज माहीत आहे म्हणून लिहितो. अशी हजारोंच्या मालाची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच स्पष्ट केलंय. अर्जावर पोचशिक्का घेणं पुरेसं नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यायची. आमच्या लाइनीतल्या, म्हणजे शेडांच्या रांगेतल्या, निम्म्या कारखानदारांनी चोऱ्या होऊनही कधी गुन्हाच नोंदवला नव्हता. त्यामुळे कागदावर आमचा भाग शांत होता, आणि शांत भागात रात्रीची गस्त कोण वाढवणार?

मोटारी परत मिळाल्या नाहीत. कळलं ते एवढंच की चोरणारी पोरं लांबची नव्हती. ज्या वयात आम्ही मागावर बीम जोडायला शिकलो, त्या वयाची. त्यांचे बाप कधीकाळी मागावरच असणार. माझा राग तेव्हाही होता, आजही आहे. तो पोरांवर आहे, तसा या गोष्टीवरही आहे की या शहरात वीस वर्षांच्या मुलाला मागावर उभं राहावंसं वाटेल एवढी मजुरी आम्ही देऊ शकत नाही आणि दुसरं काही काम इथं येत नाही. ज्याला जमतं तो सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जातो. माझी मुलगी गेली. भावाचे दोन्ही मुलगे गेले. रविवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बघा, अख्खं तरुण सोलापूर बॅगा घेऊन उभं असतं. ज्याला जमत नाही तो इथं राहतो, आणि त्याच्यासाठी गल्लीत सावकार बसलेला असतो.

सावकारीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आमच्या धंद्याला चोरांपेक्षा तिने जास्त पोखरलं.

आमचा पगार शनिवारी. २०१४ च्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, की शनिवारी चारनंतर फाटकाबाहेर दोन मोटारसायकली येऊन थांबतात. कामगार बाहेर पडला की पाकीट तिथंच उघडलं जायचं. महिन्याला दहा टक्के व्याज. मुलीचं लग्न, आईचं ऑपरेशन, कधी नुसता घराचा पत्रा, अशा कारणांनी घेतलेले वीस हजार, आणि तीन वर्षं फेडूनही मुद्दल तसंच. मला वाटलं, रोख देणं बंद केलं तर हे थांबेल. नोटाबंदीनंतर सगळ्यांची खाती काढली, पगार बँकेत टाकू लागलो. मोटारसायकली यायच्या बंद झाल्या. मी समाधानी. वर्षभराने एका कामगाराने रडत सांगितलं, की त्याचं एटीएम कार्ड आणि पासबुक सावकाराकडेच गहाण आहे. पगार जमा झाला की सावकारच काढतो आणि उरलेलं याच्या हातावर ठेवतो. चौकशी केली तर आमच्याकडच्या एकोणतीस जणांपैकी नऊ जणांची कार्डं अशी दुसऱ्याच्या खिशात होती. त्यातले तिघे जण आमचे सर्वांत चांगले विणकर. त्यातला एक जण एका रात्रीत कुटुंब घेऊन शहर सोडून गेला. त्याचा माग महिनाभर रिकामा राहिला. तो कुठे आहे हे मला आजही ठाऊक नाही.

महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना नसताना व्याजाचा धंदा करणं हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्या माणसाकडून वर्षाला तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. वर्षाला! आमच्या माणसांकडून दोन महिन्यांत त्याहून जास्त घेतलं जात होतं. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाकडे करता येते. मी दोघांना घेऊन गेलो. एकाने फाटकाशीच हात जोडले, "मालक, तुम्ही रात्री आमच्या गल्लीत राहत नाही." त्याचं खोटं नव्हतं. दुसऱ्याने तक्रार दिली, त्याचं कार्ड परत मिळालं.

तेव्हापासून आम्ही कारखान्यात एक फंड चालवतो. प्रत्येकाचे आठवड्याला पन्नास रुपये, तेवढेच आमचे. दवाखाना आणि शाळेची फी यांसाठी बिनव्याजी पैसे, फेड पगारातून. पूर्वी मागधारक कामगाराला उचल द्यायचा तो त्याला बांधून ठेवायला, आणि हा दोष आमच्या धंद्याचाच आहे, तो मी लपवणार नाही. म्हणून फंडाची वही कामगारांच्याच ताब्यात आहे आणि काम सोडून जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. नऊपैकी सहा जण सावकारातून मोकळे झाले. मला या बावीस-चौदाच्या हिशेबापेक्षा तो सहाचा आकडा मोठा वाटतो.

आता संध्याकाळची पाळी. शिलाई आणि घड्या घालायला आमच्याकडे अकरा बायका होत्या. बहुतेक जणी विडी घरकुलाकडून, नीलम नगरकडून येणाऱ्या. रात्री साडेनऊला सुटल्या की रस्त्यावरचे दिवे बंद, कोपऱ्यावर दारू पिऊन बसलेली टोळकी. २०२२ मध्ये एकीच्या गळ्यातलं मंगळसूत्र मोटारसायकलवरून आलेल्यांनी ओढलं. ती पडली, कोपर मोडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या म्हणाल्या, दिवे लागायच्या आत घरी. त्यांना नाही कोण म्हणणार? शिलाई दिवसावर आली, मग तयार माल मागाच्या वेगाने बाहेर पडेना, मग मागाचीच दुसरी पाळी परवडेना. कारखाना आजारी पडतो तो असा. कुणी मोठा घाव घालत नाही. एक दिवा जातो, एक पाळी जाते, एक गिऱ्हाईक जातं. त्या वर्षी आम्ही आठ माग विकले. वजनावर, लोखंडाच्या भावाने. नायना तेव्हा हयात होते. गाडी भरताना ते शेडमध्ये आले नाहीत.

पाण्याचं सांगितल्याशिवाय सोलापूरकराचं बोलणं पुरं होत नाही. उजनी धरण ११७ टीएमसीचं, इथून शंभरेक किलोमीटरवर, जिल्ह्यातच. तरी वर्षानुवर्षं नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी, तेही कधी रात्री दोनला. आमच्या हजेरीच्या वहीत रजेचं कारण म्हणून ‘पाणी’ हा शब्द ‘आजारी’पेक्षा जास्त वेळा लिहिलेला आहे. रात्रभर हंडे भरलेला माणूस सकाळी मागावर उभा राहतो तेव्हा धोटा बोटावर बसायला वेळ लागत नाही. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आमचं नाव आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. मला फक्त नळाला रोज पाणी आणि खांबावर दिवा हवा होता.

"या गावात काय राहिलंय बे?" हे वाक्य मी रोज ऐकतो. कटिंग चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, आमच्या कारखान्यातही. बोलणाऱ्यांचं या गावावर प्रेम आहे म्हणूनच ते चिडतात, हे मला कळतं. मीही चिडतो. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात आग लागून आठ माणसं गेली, त्यात एक लहान मूलही होतं. त्या रात्री मी आमच्या शेडमध्ये जाऊन बसलो होतो. चोरांच्या भीतीने आम्ही मागचं दार तीन वर्षांपूर्वी वेल्डिंग करून बंद केलेलं. आत बारा माणसं काम करतात आणि बाहेर पडायला वाट एकच. दुसऱ्या दिवशी ते दार कापून उघडलं, आतून ढकलून उघडणारी कडी बसवली. चोर येईल तर येऊ दे.

लाइनीतले अठरा कारखानदार मिळून आम्ही दोन राखणदार ठेवलेत, चौदा कॅमेरे लावलेत. आमच्या भिंतीबाहेर स्वतःच्या मीटरवरून चार दिवे लावलेत. लाइन अशी उजळल्यावर शिलाईच्या बायकांपैकी सात जणी साडेसातपर्यंत थांबायला तयार झाल्या. रिक्षाचे पैसे आम्ही देतो. चोरी झाली की त्याच दिवशी आम्ही चार-पाच जण मिळून ठाण्यात जातो, एकटा कुणी जात नाही. गेल्या दीड वर्षात आमच्या लाइनीत तीन गुन्हे नोंदले गेले, त्यातल्या एकात माल परत मिळाला. रात्रीची गस्त आता आठवड्यातून चार वेळा येते.

२७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि निर्यातदाराकडून येणारं मजुरीचं काम एकदम निम्म्यावर आलं. तेव्हापासून स्वतःच्या मालावर जोर आहे. दवाखान्यांसाठी जाड टॉवेल, सलूनसाठी लहान, आणि महिन्याला थोड्या जेकार्ड, म्हणजे विणतानाच नक्षी उठणाऱ्या, चादरी, ज्या नायनांच्या जुन्या नक्षीवर विणतो. चौदाच्या चौदा माग चालू आहेत.

शेजारची शेड मागच्या महिन्यात विकली गेली, तिथं मंगल कार्यालय होणार आहे. त्यांचे दोन माग भंगारवाल्याने उचलायच्या आधी आम्ही घेतले. मोटारी चांगल्या आहेत. एकाचा बीम जोडून झालाय. दुसऱ्यासाठी विणकर हवाय. सोलापूरचाच असला तर बरं, नसला तरी शिकवू. मजुरी दर शनिवारी, त्याच्या स्वतःच्या खात्यात.