फाइलमधला एक कागद

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या तक्रारी घेऊन जे लोक माझ्यासारख्या वकिलाकडे येतात, त्यांचं बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं की दोषी कोण. त्या मुलीचंही ठरलेलं होतं. "मॅडम, आमच्या फॅमिली डॉक्टरांना सोडायचं नाही. बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर, आणि हे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देत बसले." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बाबा शेजारीच बसले होते. नाकात फीडिंग ट्यूब, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली. बोलायला त्रास होत होता, पण कान आमच्याकडेच होते. मुलीला पोलिसांत तक्रार द्यायची होती. म्हटलं, आधी कागद बघू.

माझी एक सवय आहे. पेशंटची हकिगत ऐकून झाली की सगळे कागद टेबलावर तारखेनुसार लावते. रागात माणूस तारखा उलटसुलट सांगतो, त्यात त्याचा दोष नसतो. पहिला केसपेपर फॅमिली डॉक्टरांचा होता: छातीत जळजळ, गोळ्या चार आठवडे. नुसती जळजळ घेऊन येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कॅन्सर निघतो, त्यामुळे गोळ्या देऊन पाहणं चूक ठरत नाही. दुसऱ्या भेटीच्या नोंदीत होतं, 'घट्ट घास अडकतो, वजन 4 किलो कमी'. आणि त्याच्या खाली, त्याच तारखेला, एंडोस्कोपीसाठी चिठ्ठी.

ज्यांच्यावर दावा लावायचा होता त्या डॉक्टरांनी नेमकं करायला हवं तेच केलं होतं. अन्ननलिका ताणली जाणारी असते, त्यामुळे घास अडकायला लागेपर्यंत आतली वाट बरीच अरुंद झालेली असते. घास अडकणं आणि वजन उतरणं एकत्र दिसलं की दुर्बिणीची तपासणी लांबवायची नसते. त्यांनी ती लांबवली नव्हती. मी ते वाचून दाखवलं तेव्हा मुलगी गप्प झाली.

पुढचा कागद एंडोस्कोपीचा. अन्ननलिकेच्या मधल्या भागात अरुंदपणा, बायोप्सी घेतली, म्हणजे तपासणीसाठी तिथले छोटे तुकडे काढले. हॉस्पिटलने हातात दिलेल्या पेपरवर 'सूज, गोळ्या चालू ठेवा' एवढंच. आणि सगळ्यात खाली, दोनदा घडी घातलेला बायोप्सीचा रिपोर्ट: तुकडे वरवरचे आहेत, फक्त दाह दिसतो, शंका असल्यास पुन्हा बायोप्सी घ्यावी.

"हा तुम्हाला कधी मिळाला?"

"आत्ता, नवीन हॉस्पिटलने जुने रिपोर्ट मागितले तेव्हा. काउंटरवरून आणला."

तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. "मी विचारलं होतं त्या हॉस्पिटलात. नॉर्मल आहे म्हणाले."

त्या रिपोर्टनंतर 7 महिन्यांनी दुसरीकडे निदान झालं. तोवर गाठ अन्ननलिकेच्या भिंतीबाहेर गेली होती आणि ऑपरेशन शक्य राहिलं नव्हतं. अन्ननलिकेला आतड्यासारखं बाहेरचं आवरण नसतं, त्यामुळे हा आजार शेजारच्या भागात लवकर शिरतो. आतल्या अस्तरापुरता असताना तो कधी कधी दुर्बिणीतूनच काढता येतो. म्हणून इथे महिने मोजावे लागतात.

पोलिसांचा विषय मी तिथेच थांबवला. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला निष्काळजीपणा ढोबळ, घोर स्वरूपाचा लागतो. आमचा रस्ता ग्राहक आयोगाचा होता. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 पासून ठरलेलं आहे. त्यासोबत राज्य वैद्यकीय परिषदेकडे वेगळी तक्रारही करता येते. तिथे भरपाई मिळत नाही, पण डॉक्टरच्या वर्तनाची चौकशी होते.

मुदत 2 वर्षं. कधीपासून मोजायची यावर आम्ही वाद घालू शकलो असतो, कारण रिपोर्ट हातात उशिरा आला. मी तो धोका पत्करत नाही. सगळ्यात जुन्या तारखेपासून मोजायचं आणि त्याच्या आत तक्रार दाखल करायची.

त्याच दुपारी एंडोस्कोपी करणाऱ्या हॉस्पिटलला लेखी अर्ज केला: संपूर्ण रेकॉर्ड, नर्सिंग नोट्स, एंडोस्कोपीचे फोटो, आणि बायोप्सीच्या स्लाइड्स व ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे). डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितलेलं रेकॉर्ड 72 तासांत द्यावं लागतं. ब्लॉक मिळाले तर दुसरा पॅथॉलॉजिस्ट तेच तुकडे पुन्हा पाहू शकतो. हे लोकांना माहीत नसतं, आणि नंतर मागायला जावं तर कागद सापडत नाहीत.

सगळ्यात अवघड भाग मी त्यांच्यापासून लपवला नाही. निदान उशिरा झालं एवढं सिद्ध करून भागत नाही. समोरचे वकील विचारणार, 7 महिने आधी कळलं असतं तरी काय बदललं असतं? त्याचं उत्तर कॅन्सरतज्ज्ञालाच द्यावं लागेल: तेव्हा गाठ कोणत्या टप्प्यात असण्याची शक्यता होती, ऑपरेशन झालं असतं का. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटलंय. तरी अशा प्रकरणात मी त्याशिवाय पाऊल टाकत नाही.

मुलीने विचारलं, "आणि बाबांना मधेच काही झालं तर?" तक्रार वारसांना पुढे चालवता येते, हे मी सांगितलं. पण 'नॉर्मल आहे म्हणाले' हे प्रत्यक्ष ऐकलेले साक्षीदार फक्त तेच होते. म्हणून तक्रारीचा मसुदा तयार होण्याआधीच त्यांचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं ठरवलं. ते थांबत थांबत सांगत होते, मुलगी लिहून घेत होती. तारखा त्यांना पाठ होत्या.

फॅमिली डॉक्टरांना फोन मुलीनेच केला. त्यांनी चिठ्ठीची आपल्याकडची नोंद शोधून दिली आणि साक्षीला यायची तयारी दाखवली.