मदेराचा वारा आणि उजवी खिडकी

अटलांटिकमधल्या मदेरा या पोर्तुगीज बेटाचं नाव निघालं की लोक आधी तिथल्या विमानतळाच्या खांबांबद्दल विचारतात. साहजिकच आहे. फुंशाल या तिथल्या राजधानीचा विमानतळ 1964 साली सुरू झाला तेव्हा धावपट्टी जेमतेम 1600 मीटर. 1977 मध्ये मुसळधार पावसात उतरणारं बोइंग 727 धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं, 131 माणसं गेली. 2000 साली धावपट्टी 2781 मीटर झाली, पण त्यासाठी तिचा मोठा भाग किनाऱ्यावर 180 काँक्रीटच्या खांबांवर उभा करावा लागला. आता तिच्याखालून हमरस्ता जातो.

तर लांबीचा प्रश्न मिटला. वाऱ्याचा नाही मिटला आणि मिटणारही नाही. बेटाच्या पोटात 1862 मीटरचा पिको रुइवू उभा, विमानतळ आग्नेय किनाऱ्याला चिकटलेला. उत्तरेचा वारा डोंगरावरून या बाजूला उतरतो तो गोते खातच. म्हणून इथल्या वाऱ्याच्या मर्यादा बंधनकारक आहेत, आणि विमान उतरवायचं ते खास प्रशिक्षण घेतलेल्या कॅप्टननेच. मी को-पायलट, म्हणजे साइडस्टिकला, विमान चालवायच्या दांड्याला, हात लावायचा नाही.

लिस्बनहून निघताना इंधन भरपूर घेतलं. नाहीच जमलं तर शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर 3000 मीटरची धावपट्टी आहे.

आम्हाला 05 मिळाली, म्हणजे ईशान्येकडे तोंड करून उतरायची दिशा. त्यासाठी आधी किनाऱ्याला समांतर नैर्ऋत्येकडे जायचं आणि मग उजवीकडे, डोंगराच्या दिशेने वळून उलटं फिरायचं. गंमत अशी की अख्खा वेळ धावपट्टी उजव्या खिडकीत, आणि कॅप्टन डाव्या खुर्चीत! उतरवणार ते, दिसणार मला.

"दिसतेय?"

"दिसतेय. अजून मागे नाही गेली... आता गेली."

चाकं खाली, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) पूर्ण, ऑटोपायलट बंद. वळायला लागलो तशी समोर लाल कौलांची घरं आणि केळीच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. आपण उतरतोय आणि खालचा डोंगर चढतोय, त्यामुळे खालच्या जमिनीपासूनची उंची दाखवणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरचे आकडे भराभर पडत होते. माहीत असूनही पोटात गोळा येतोच. मी ठरलेल्या वेगापासूनचा फरक वाचत होते: अधिक पाच, अधिक बारा, उणे तीन. कॅप्टनचा हात सतत चाललेला, चेहरा मात्र भाजी निवडत बसल्यासारखा.

पंख सरळ झाले तेव्हा धावपट्टी अगदी समोर होती. विमान टेकलं ते चांगलं दणकून. अलगद टेकवायची हौस इथे कोणी करत नाही, करूही नये. मागे टाळ्या पडल्या.

आमच्या मागच्या विमानाने दोनदा गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलं, आणि पोर्तो सांतो गाठलं. त्यातले प्रवासी संध्याकाळच्या फेरीबोटीने आले म्हणे.